रिकाम्या हातांचीही नोंद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला मी दोन शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी त्यांना कळविले की मी विदुषी नव्हे आणि समाजकार्यकर्तीही नव्हे. परदेशी राहून वर्षातले पाच महिने एक साधी नोकरी करते, एवढेच. त्यांनी उलट निरोप धाडला, "मग तीच सांगा." तेव्हा तीच सांगते. इथे आल्यापासून आठ दिवसांत निदान वीस जणींनी मला विचारले असेल, "तू तिकडे करतेस तरी काय ग? मासे मोजतेस म्हणे!" होय, मासे मोजते. आणि ज्यांना मासे मिळाले नाहीत ती माणसेही मोजते. आज मला मुख्यतः या दुसऱ्या मोजणीविषयी बोलायचे आहे.

माझे माहेर इथलेच, रत्नागिरीचे, हे बहुतेकींना ठाऊक आहे. याच गावच्या कॉलेजातून मी प्राणिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले. पुढे लग्न झाले, यजमानांच्या नोकरीपायी अमेरिकेला गेले, आणि माझी पदवी ट्रंकेच्या तळाशी गेली ती पंचवीस वर्षे तिथेच राहिली. मुले शिकून घराबाहेर पडली तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. त्या वर्षी एक जाहिरात पाहिली. राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्याला मोसमापुरते तंत्रसाहाय्यक हवे होते. काम बंदरावर, उभ्याने, उन्हापावसात. जीवशास्त्राची ओळख असावी आणि ओझे उचलता यावे, अशा अटी. यजमान म्हणाले, "अग, ही कॉलेजातल्या पोरांची कामे!" आईला फोन केला, तर ती म्हणाली, "माशाचा कल्ला उचलून पाहायला मी तुला शिकवले आहे. राहिलेले ते शिकवतील." मी अर्ज टाकला. मे महिन्यात नेमणूक होते, सप्टेंबर सरता सरता सुट्टी मिळते, आणि पुढच्या वर्षाची हमी कोणी देत नाही. दर वर्षी नवा अर्ज. असे माझे पाच मोसम झाले.

आता हे काम कुठे चालते ते सांगते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, कॅनडाच्या सरहद्दीला लागून, वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. राजधानीचे वॉशिंग्टन शहर ते निराळे. ते पार दुसऱ्या किनाऱ्याकडे. या राज्यात ग्रेज हार्बर नावाच्या खाडीच्या तोंडाशी वेस्टपोर्ट हे बंदर आहे. वस्ती दोन-अडीच हजारांची. सिअ‍ॅटल शहरातून मोटारीने अडीच तासांची वाट. हिवाळ्यात गाव झोपलेले असते, आणि उन्हाळ्यात माणसांनी फुलून जाते. कारण तिथे लोक गरवायला येतात.

आपल्याकडे एखादा हौशी माणूस गरी घेऊन खाडीच्या कडेला तासन्‌तास बसतो, त्यातलाच हा प्रकार. फक्त पसारा मोठा. ज्याची स्वतःची होडी असते तो ती मोटारीमागे जोडून आणतो. ज्याची नसते तो मोठ्या लाँचवर पैसे भरून जागा घेतो. प्रत्येकाजवळ सरकारी परवाना हवा. मिळालेला मासा विकायचा नाही, घरी न्यायचा, आणि तोही ठरवून दिलेल्या संख्येइतकाच. सॅमन असला तर बहुधा दिवसाला माणशी दोन. तुम्ही म्हणाल, दोन माशांचा हिशेब तो काय ठेवायचा! पण असे दोन-दोन मासे नेणारी माणसे मोसमभरात हजारोंनी येतात. थेंबाथेंबाने तळे साचते तसे ते थेंबाथेंबाने आटतेही.

सॅमनविषयी थोडे सांगायला हवे. आपल्या रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्या दोघांचे नाते नाही. खरा सॅमन जन्मतो डोंगराकडच्या गोड्या पाण्याच्या नदीत. लहान असतानाच तो प्रवाहाबरोबर समुद्रात उतरतो, दोन-चार वर्षे तिथे वाढतो, आणि वीण घालायची वेळ आली की खाणेपिणे सोडून आपल्याच जन्माच्या नदीकडे परत फिरतो. बाळंतपणाला माहेरी येतो म्हणा ना! फरक इतकाच, की पॅसिफिक महासागरातला हा सॅमन एकदा वीण घातली की तिथेच प्राण सोडतो. म्हणून नदीपर्यंत पोचण्याआधी समुद्रात किती मासे धरले गेले, याला फार महत्त्व आहे. जो पोचला नाही त्याची पुढची पिढी नाही.

पूर्वी हे मासे अमाप होते. मग नद्यांवर धरणे झाली, काठची जंगले तुटली, मासेमारी वाढली. आज त्यांतले पुष्कळसे मासे सरकारी व जमातींच्या उबवणी केंद्रांत जन्म घेतात आणि पिले असताना नदीत सोडले जातात. नदीत आपोआप जन्मलेले रानटी सॅमन कित्येक ठिकाणी धोक्यात आहेत; प्युजेट साऊंड नावाच्या आखातातल्या चिनूक सॅमनला १९९९ साली संरक्षित प्राण्यांच्या यादीत घालावे लागले. त्या भागातले काळे-पांढरे ओर्का देवमासे मुख्यतः चिनूकवरच जगतात. तेही २००५ साली यादीत गेले. एकाचे ताट रिकामे झाले की दुसऱ्याचेही होते ते असे.

मग दोन्हींत फरक ओळखायचा कसा? सॅमनच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, एक बोटाच्या पेरासारखा मऊ पर असतो. केंद्रातल्या पिलांचा हा पर सोडण्यापूर्वी कापून टाकतात. पर नसलेला मासा उबवणीचा. पुष्कळ ठिकाणी तेवढाच ठेवता येतो. पर शाबूत असलेला मासा गरीतून सोडवून पाण्यात परत द्यायचा. शिवाय काही कोटी पिलांच्या नाकाडात दर वर्षी एक तार बसवतात. तिची लांबी १.१ मिलिमीटर आणि जाडी पाव मिलिमीटर! तिच्यावर खुणेचे आकडे कोरलेले असतात. ही युक्ती जेफर्ट्‌स, बर्गमन व फिस्कस या तिघांनी १९६३ साली प्रसिद्ध केली, आणि साठ वर्षे उलटून गेली तरी ती चालू आहे. त्या तारेवरून कळते की हा मासा कुठल्या केंद्रातून, कुठल्या साली सुटला.

आता माझा दिवस. आमच्यातला एकजण पहाटे अंधारात बंदराच्या तोंडाशी बसून बाहेर जाणाऱ्या होड्या मोजतो. दुपारी त्या परतू लागल्या की बाकीचे धक्क्यावर उभे राहतो. अंगात रबरी डगला, पायांत गुडघ्यापर्यंत बूट, हातात फळी आणि नोंदीचा तक्ता. होडी लागली की विचारायचे: किती माणसे होती? कुठल्या भागात गेला होता? काय धरले? किती सोडले? मग पेटी उघडून प्रत्येक मासा स्वतः पाहायचा. चिनूकच्या हिरड्या काळ्या आणि शेपटीच्या दोन्ही पाकळ्यांवर ठिपके. कोहोच्या हिरड्या पांढरट आणि ठिपके वरच्या पाकळीवरच. पर आहे की कापलेला ते पाहायचे. नाकाडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत लांबी घ्यायची. काहींचे चार खवले काढून ठेवायचे. झाडाच्या खोडात वर्तुळे असतात तशी खवल्यावरही असतात, त्यांवरून वय कळते. आणि एक छडीसारखे यंत्र नाकाडावरून फिरवायचे. आत तार असली की ते वाजते. मग मालकाच्या संमतीने माशाचे नाकाड कापून घ्यायचे, चिठ्ठी लावून पिशवीत घालायचे. ते ऑलिम्पिया या राज्याच्या राजधानीतल्या प्रयोगशाळेत जाते. किनाऱ्यावर धरलेल्या माशांपैकी निदान शेकडा वीस तरी असे तपासावेत असा दंडक आहे.

आम्ही पोलीस नव्हे. कोणाला दंड करीत नाही, दरडावीत नाही. हे पहिल्या दिवशीच बजावलेले असते, आणि ते योग्यच आहे. पेटीतला मासा माझ्या डोळ्यांना दिसतो. पण समुद्रात परत सोडलेला मासा मला कोण दाखवणार? सोडलेल्यांतलेही काही पुढे मरतात, त्यांचा अंदाज हिशेबात धरावा लागतो. तिथे केवळ त्या माणसाच्या शब्दावर सारा हिशेब उभा. भीती घातली की शब्द खोटा होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. दिवसभरात आलेली प्रत्येक होडी गाठणे शक्य नसते. मग सर्वांचा अंदाज कसा बांधायचा? आपण एक नुसते मनचे उदाहरण घेऊ. समजा, शंभर होड्या बाहेर गेल्या आणि आम्ही त्यांतल्या पंचवीस गाठल्या. त्या पंचविसांत मिळून ४० मासे निघाले. म्हणजे होडीमागे सरासरी १.६, शंभर होड्यांचे १६० मासे. सरळ हिशेब. पण त्या पंचविसांपैकी दहा होड्यांना काहीच मिळाले नव्हते, आणि त्या लाजून आमच्यासमोरून तशाच निघून गेल्या, असे धरा. मग आमच्या तक्त्यावर राहतील पंधरा होड्या आणि तेच ४० मासे. सरासरी होईल २.६७ आणि शंभर होड्यांचे मासे होतील २६७! समुद्रात मासा एकही वाढला नाही, तरी कागदावर शंभरावर मासे जास्त मेले. दहा शून्ये लिहायची राहिली, एवढ्यावरून.

आणि रिकाम्या हाताचा माणूस थांबत नाही, हा माझा पाच मोसमांचा अनुभव आहे. ज्याच्या पेटीत मोठा चिनूक असतो तो हाक मारून बोलावतो. मासा दोन्ही हातांनी उचलून दाखवतो, त्याचा फोटो काढायला सांगतो. ज्याला दिवसभर लाटा खाऊन काही मिळालेले नसते तो मान खाली घालून मोटारीकडे चालू लागतो. "आमच्याकडे लिहिण्यासारखे काही नाही, बाई!" मी त्याच्यामागे चार पावले जाते आणि म्हणते, "दादा, तेच तर मला लिहायचे आहे." अर्थात इंग्रजीत. काहीजण हसतात आणि थांबतात. एक म्हातारे गृहस्थ नातवाला घेऊन ओळीने तीन दिवस रिकामे आले. तिसऱ्या दिवशी नातवाने आपण होऊन येऊन सांगितले, "आजही शून्य, लिहून घ्या." त्याच्या आवाजात थोडा अभिमानच होता. त्याच्या शून्यालाही कागदावर जागा आहे हे त्याला कळले होते.

या आकड्यांवर पुष्कळ काही अवलंबून असते. या किनाऱ्यावर किती सॅमन धरायचे याचा कोटा पॅसिफिक मत्स्य व्यवस्थापन परिषद दर वर्षी एप्रिलमध्ये ठरवते. १९७६ च्या कायद्याने ती स्थापन झाली. त्यात मूळ रहिवासी जमातींचा हक्क आहे. एकोणिसाव्या शतकात त्यांनी जमिनी दिल्या आणि करारात मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो पुढे शंभर वर्षे डावलला गेला. १९७४ साली जॉर्ज बोल्ट नावाच्या न्यायाधीशांनी निकाल दिला की धरण्याजोग्या माशांपैकी निम्मा वाटा करारातल्या जमातींचा आहे, आणि १९७९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बव्हंशी कायम केला. वाटणी आली की मोजणी आलीच, हे घराघरांतून आपण पाहतो. मोजमाप चोख नसेल तर भावाभावांत भांडण. हौशी लोकांचा कोटा बंदरवार ठरलेला असतो. आमच्या नोंदींवरून मोसम चालू असतानाच बेरीज होत राहते, आणि कोटा भरत आला की मोसम ठरल्या तारखेआधीही बंद होऊ शकतो.

असा एक मोसम मी पाहिला. बंदरावर एका बाईंचे लहानसे दुकान आहे. गऱ्या, आमिष, गरम कॉफी असला माल. त्यांचा नवरा वारलेला, आणि वर्षाची सारी कमाई उन्हाळ्याच्या दहा-बारा आठवड्यांत. पहिल्या मोसमापासून त्या मला कॉफी देत आणि पैसे घेत नसत. म्हणत, "तू धक्क्यावर भिजतेस, माझी एक कॉफी गेली तर काय झाले?" त्या ऑगस्टात कोहो भराभर मिळत होता आणि कोटा झपाट्याने संपत होता. एके दुपारी दुकानात कोणी नाहीसे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "तूही बाईमाणूस आहेस. संसार काय असतो तुला ठाऊक आहे. दोन-दोन मासे कमी लिहिलेस तर कोणाचे बिघडते? मला आणखी दोन आठवडे मिळतील."

भगिनींनो, ती बाई लबाड नव्हती. तिला भाडे भरायचे होते. मला तिची दया आली, आणि खरे सांगते, उत्तर द्यायला जड गेले. मी म्हटले, "बाई, कमी लिहिलेला मासा समुद्रात परत जात नाही. तो मेलेलाच असतो. फक्त पुढच्या वर्षी, नाही तर तिसऱ्या वर्षी, नदीत कोणी आले नाही म्हणजे आपल्याला कळतो. पण तुम्हांला मदत करायची असेल तर एक करा. तुमच्याकडे जे रिकाम्या हाताने परत येतात, त्यांना माझ्याकडे धाडा. त्यांची नोंद राहिली तर आकडा उगाच फुगतो आणि मोसम उगाच लवकर मिटतो. जेवढे तुमच्या हक्काचे आहे तेवढे तुम्हांला मिळायला माझी शून्ये उपयोगी पडतील."

त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून दोघेतिघे आपण होऊन माझ्याकडे येऊ लागले, "दुकानातल्या बाईंनी पाठवले" म्हणून. मोसम तरी लवकर बंद झालाच. कारण मासे खरोखरच धरले गेले होते. बंदर दोन दिवसांत रिकामे झाले. पुढच्या वर्षी मी दुकानात गेले तेव्हा त्यांनी कॉफी दिली, चांगली विचारपूस केली, आणि पैसे घेतले. तेव्हापासून घेतात. मला त्याचे वाईट वाटते. पण पुन्हा तीच वेळ आली तरी मी तेच उत्तर देईन.

तुम्ही म्हणाल, परदेशातल्या माशांची कथा रत्नागिरीत कशाला? तर आपल्या मिरकरवाड्याच्या बंदरावरही वही घेऊन उभी असलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. १९४७ साली स्थापन झालेली केंद्रीय समुद्री मात्स्यिकी संशोधन संस्था देशभरच्या किनाऱ्यावर, निवडलेल्या बंदरांत, निवडलेल्या दिवशी उतरलेला मासा मोजून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधते. रीत तीच. २०२३ साली पापलेट आपल्या राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांना कमीत कमी लांबी ठरवून दिली गेली. त्याहून लहान मासा धरू नये, असा नियम. हे नियम कुठल्या आधारावर होतात? धक्क्यावर कोणीतरी, वासात आणि चिखलात उभे राहून, लिहिलेल्या आकड्यांवर. तेव्हा ज्या भगिनी मासे विकतात त्यांना माझे सांगणे, वहीवाला आला तर त्याला हाकलू नका. ज्या दिवशी टोपली रिकामी असेल त्या दिवशीही "आज काही नाही" असे त्याला सांगा. आणि ज्या विकत घेतात त्यांनी बोटभर पापलेट स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. कल्ला पाहतो तशी लांबीही पाहावी.

शेवटी तरुण मुलींसाठी एक गोष्ट. आपल्या शिरगावात १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. माझ्या वेळी आम्हांला बंदर म्हणजे पुरुषांच्या आरडाओरड्याची जागा वाटे, आणि शिकलेल्या मुलीने तिथे काय करायचे, असे म्हटले जाई. पण बंदरावर मासा सोलणाऱ्या, वाटे घालणाऱ्या, भाव ठरवणाऱ्या बायाच असतात. मग मोजणाऱ्या का नसाव्यात? आणि ज्यांचे वय माझ्याइतके झाले आहे, त्यांनीही आपापल्या ट्रंकेच्या तळाशी काय ठेवले आहे ते एकदा काढून पाहावे. बावन्नाव्या वर्षी बूट घालून धक्क्यावर उभे राहता येते, एवढे मी तुम्हांला स्वानुभवाने सांगू शकते. गुडघे दुखतात, ते घरी बसूनही दुखत होते.

  मे महिन्यात नेमणूक आली तर पुन्हा धक्क्यावर जाईन. नाही आली तर येत्या गणपतीला इथे तुमच्यांत असेन.